दोन्ही टोकांना पातं

रविवार, ५ जानेवारी

शेवटी ठरवलं. ढाल-तलवार नको, दोन तलवारी नकोत, आणि धनुष्य तर लांबून मजा बघणाऱ्यांसाठी असतं. माझा भैरम दुपाता घेऊन लढणार.

दुपाता म्हणजे पुरुषभर उंचीचा दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना पातं. नियमांच्या पुस्तकात त्याचं इंग्रजी नाव आहे, दुपाता हे मी पाडलेलं. पुढे कधी वही चाळली तर मलाच शंका यायला नको म्हणून लिहून ठेवतो, की ही मारामारी कागदावरची आहे. गेली पाच वर्षं दर रविवारी जेवणं उरकली की आम्ही चौघं स्मृति नगरात अरुणकुमार सरांच्या बैठकीत जमतो. सर एरवी कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतात आणि रविवारी आमचे गेम मास्टर असतात. किल्ले, दलदली, राक्षस सगळं ते सांगतात आणि आम्ही तिघं त्यात एकेक पात्र चालवतो. माझा लढवय्या भैरम, गोलूचा चोर चिंगरी, हर्षाची वैद्यीण सालई. काय करणार ते तोंडाने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. टेबलाचा कायदा एकच, बोललं ते बोललं. नंतर मागे घेता येत नाही.

तर दुपाता. एका फेरीत दोन वार, एक या टोकाचा, एक त्या टोकाचा. दोन वेगळ्या तलवारी घेतल्या तर दोन सराव शिकावे लागतात, इथे एकच सराव दोन्ही टोकांना लागू पडतो. हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. पुढून आला तर पुढचं टोक, मागून आला तर मागचं. भैरमला कोणी कोंडीत पकडूच शकत नाही. अट एवढीच की दोन्ही हात दांड्यावर हवेत. एक हात सोडला की त्या फेरीपुरतं दुसरं टोक गेलं.

गोलू म्हणाला, दिखने में तो मस्त है भाई. खुर्सीपारला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, त्याला दिसण्यापलीकडे कशात रस नसतो. हर्षाने भैरमच्या आकड्यांचा कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "दोन्ही हात अडकवून ठेवशीन तं दार कोण उघडन?" मी म्हणालो, दारं उघडायला गोलूचा चोर आहे. तिची सालई स्वतः डावा हात कायम रिकामा ठेवते, जखमीला हात लावल्याशिवाय बरं करता येत नाही म्हणून. ढाल बांधली असती तर किती वाचली असती, हे मी तिला पाच वर्षं सांगतोय.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायची टाळत होतो. परतताना सिव्हिक सेंटरला हर्षाने गाडी थांबवायला लावली. दोन फेब्रुवारीला गोंदियाचे लोक तिला बघायला येणार आहेत. आधीची दोन स्थळं तिने काहीबाही कारणं काढून परतवली. या वेळी तिच्या बाबांनी, प्रेमानंद काकांनी, सरळ विचारलं की कोणी आहे का. ती म्हणाली, आहे, त्याला घरी बोलू द्या. म्हणजे मी. काय ते दोन तारखेच्या आत घरी बोल, म्हणाली. "हो म्हणाले तरी सांग, नाही म्हणाले तरी सांग. नाही म्हणाले तं मंग आपण दोघं पाहू. पण इचार."

मी हो म्हणालो. मला तिच्याशीच लग्न करायचं आहे, यात शंका नाही. शंका पुढची आहे. आम्ही कुणबी, ते बौद्ध. हर्षा आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये येते तेव्हा आई तिला हसून चहा देते. नंतर तो कप वेगळा विसळून ठेवते असं मला एकदा मोरीतल्या आवाजावरून वाटलं होतं. मी उठून पाहिलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

बाबांची या आठवड्यात नाइट शिफ्ट आहे. सकाळी येतात, जेवतात, झोपतात. अशा माणसाशी काय बोलणार.

चार वाजता उठले तेव्हा मी दुपात्याचं चित्र काढत बसलो होतो. बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटच्या मशीन शॉपमध्ये फिटर आहेत, चौतीस वर्षं झाली. चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले आणि हे काय म्हणून विचारलं. मला वाटलं हसतील. पण त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "वजन मधात पाह्यजे. नाही तं पहिल्या फटक्यात मनगट जाईन." मग पेन्सिल मागून मधोमध मूठ काढली, मुठीच्या दोन्ही बाजूंना कडी काढली आणि मापं लिहिली. दोन तोंडांच्या पान्याचं पण असंच असतं, म्हणाले, पण त्याची दोन्ही तोंडं एकदम कामाला येत नाहीत, एका वेळी एकच नट खुलतो. तुझ्या याची दोन्ही येतात का? मी म्हणालो, येतात, नियमच आहे तसा. ते बराच वेळ चित्राकडे पाहत होते. बनवून देऊ का लाकडाचं, असंही विचारलं.

बोलायला चांगली वेळ होती, पण झोप पुरी न झालेल्या माणसाला असलं काही सांगू नये.

रविवार, १२ जानेवारी

आज भांडण झालं आणि मी बरोबर होतो.

भुयारात गोलूच्या चोराला कुलूप काढायचं होतं. त्याने टाकलेला फासा सोफ्याखाली गेला. याने खाली वाकून पाहिल्यासारखं केलं आणि कागदावर दहा लिहून टाकलं. मी पाहत होतो. सोफा सरकवला तर फाशावर चार. गोलू हसायला लागला. अरे औसत ही तो लिखा है, दस तो आता ही.

माझं डोकं फिरलं. मी त्याला सांगितलं की सरासरी कधी येत नसते, फासा येतो. जे पडलंच नाही ते स्वतःच्या मनाने लिहून मोकळं व्हायचं, हा टेबलावरच्या सगळ्यांचा अपमान आहे. त्याने माफी मागेपर्यंत मी पुढची फेरी होऊ दिली नाही. सर म्हणाले, जाने दो पीयूष, खेल है. खेळ आहे म्हणूनच. ज्याला खेळात खरं वागता येत नाही तो बाहेर काय वागणार.

भैरमने आज सहा जणांना लोळवलं. दोन वेळा एकाच फेरीत दोघांना, एकाला पुढे, एकाला पाठीमागे. गोलू तोंड पाडून बसला होता म्हणून कोणी काही बोललं नाही.

निघताना हर्षाने विचारलं, बोललास का? मी सांगितलं बाबांची सेकंड शिफ्ट सुरू झाली आहे. ती म्हणाली, सेकंडवाला माणूस सकाळी घरीच असतो ना. मी म्हणालो, सकाळी मी ड्यूटीवर असतो. तिने हेल्मेट घातलं आणि गेली.

शुक्रवार, १७ जानेवारी

दुपात्याला दोन टोकं असल्यामुळे मंत्रही दोन लागतात. एका टोकाला अग्नी दिला तर दुसरं साधंच राहतं. मी दोन्ही टोकांना निम्मं निम्मं देणार आहे. दोन्हीकडे सारखं बळ असलं की कुठल्याच बाजूला उघडं पडायला होत नाही.

बाबांचाही हिशोब मांडून पाहिला. माझ्या लाखनीच्या चुलतभावाने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा बाबा गेले नव्हते. त्या आठवड्यात त्यांना रजा नव्हती हे खरं, पण रजा मागितली होती का ते मला माहीत नाही. आई नातेवाइकांना घाबरते, आणि बाबा आईला दुखवत नाहीत. उलट बाजूला काय आहे? हर्षाची ते चौकशी करतात, ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली तेव्हा पेढे मागितले होते, बस. एकूण नाही म्हणण्याची शक्यता शंभरात नव्वद तरी आहे. दहाच्या आशेवर घरात आग लावण्यात काय अर्थ आहे?

हे लिहिलं आणि फार मोकळं वाटलं. आता मला उत्तर माहीत आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

सांगून टाकलं.

सुपेल्याला हर्षाच्या लॅबसमोर चहाची टपरी आहे, तिथे. ती पांढऱ्या कोटातच बाहेर आली. मी म्हणालो, घरी बोललो. बाबा नाही म्हणाले.

खोटं म्हणावं तर तसं खोटंही नाही. म्हणालेच असते. पण ती लॅबवाली, तिला नुसता निकाल चालत नाही. नेमकं काय म्हणाले, शब्द सांग, म्हणाली. हे मला वाटलं नव्हतं. मग मी बाबांच्या तोंडी शोभेल असं सांगितलं, "मी जिता आहो तोवर त्या घराची पायरी नाही चढणार." बोलून झाल्यावर मला स्वतःलाच ते बाबांच्या आवाजात ऐकू आलं. इतकं बरोबर जमलं होतं.

ती खाली बघत राहिली. मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "ठीक आहे. ते नाही म्हणाले. आता तू सांग."

मला वाटलं होतं की नाही म्हटलं की विषय संपेल, दोघांनी थोडं रडून घ्यायचं आणि दोष बाबांच्या पदरात टाकायचा. ही म्हणते कोर्टात लग्न करू. तिचे बाबा आमच्या पाठीशी उभे राहतील. तू ये फक्त, म्हणते. मी रविवारपर्यंत वेळ मागितला. सगळीकडून मलाच का निर्णय घ्यायला लावतात? मी कोणाचं काय बिघडवलं आहे? आईबाबाही हवेत आणि हर्षाही हवी, एवढंच तर म्हणतोय. यात हावरटपणा कुठे आहे ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी बाबांच्या युनियनचं झेंडावंदन. दुपारी खेळ. आजचं सविस्तर लिहितो, कारण लोक नंतर वेगळंच सांगतील.

दरीवर दगडी पूल होता. मधोमध शिंगांचा राखणदार. गोलूचा चोर आधीच पलीकडे सटकला होता. भैरम राखणदाराच्या समोर, सालई भैरमच्या पाठीशी. चार फेऱ्या लढाई झाली. भैरम पडायला आला होता, सालईने त्याला दोनदा हात लावून उभं केलं. हे मी मान्य करतो. पाचव्या फेरीला राखणदाराने पाय आपटला, पुलाचा तुकडा तुटला आणि सालई खाली गेली. सरांनी फासा टाकायला लावला, तिने टाकला, काठ हातात आला. डाव्या हाताने लोंबकळत होती. सर म्हणाले, एका फेरीपुरतीच पकड आहे.

आता हिशोब. राखणदाराचे प्राण पंधराच्या आत उरले होते, ते सरांनीच सांगितलं. माझ्या पहिल्या टोकाच्या वाराने सरासरी नऊ प्राण जातात, दुसऱ्याच्या सात. एक हात सोडून तिला धरायचं तर एकच टोक चालणार, म्हणजे नऊ, आणि नवात तो मरत नाही. पुढच्या फेरीला तो आम्हाला ठेचणार. दोन्ही हात दांड्यावर ठेवले तर सोळा. मी हे सगळं मार्जिनमध्ये मांडून पाहिलं, दोनदा. कोणी घाई केली नाही.

तेव्हा हर्षा बोलली. टेबलावर आम्ही हिंदीत बोलतो, सगळ्यांना कळावं म्हणून. ती मराठीत म्हणाली, "पीयूष, हात दे."

पात्राच्या नावाने बोलायचं असतं. भैरम म्हणायला हवं होतं. तिला नियम माहीत आहे.

मी म्हणालो, भैरम दोनों सिरों से वार करता है. सर माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, पक्का? पाच वर्षांत सरांनी पक्का कधी विचारलेलं नाही, त्यांच्याच टेबलावर बोललं ते बोललं आहे. मी म्हणालो पक्का. फाशावर पंधरा आणि अठरा पडले. दोन्ही वार बसले. दहा आणि आठ, एकूण अठरा प्राण. राखणदार दरीत कोसळला.

आजवरचा माझा सगळ्यात चांगला डाव. बावीस दिवस ज्यासाठी बसलो होतो ते बरोबर तसंच घडलं. आणि गोलू, जो साध्या बेडकाला मारलं तरी नाचतो, तो नखं बघत बसला होता. सरांनी सालई पडल्याचं वर्णनही केलं नाही, नुसतं पुस्तक मिटलं.

आमच्याकडे पात्र मेलं की त्याचा कागद शेवटी जवळ उभं असलेल्याला द्यायचा असतो. हर्षाने कागदाची घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली. चप्पल घालताना तिला म्हणालो की सर तिला नवीन पात्र देतील, याच लेव्हलचं. ती म्हणाली, "तुहा हिशोब बरोबर होता." म्हणजे निदान तिला तरी पटलं.

कोर्टातल्या लग्नाच्या ज्या उत्तरासाठी मी आजपर्यंत वेळ मागितला होता, ते तिने विचारलं नाही. मला बरंच वाटलं. अजून आठवडा आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

गोलूचा फोन. गोंदियाचे लोक काल येऊन गेले. पसंती झाली. तिने हो म्हटलं.

आठवडाभर मी तीन मेसेज टाकले, एकाचंही उत्तर नाही. एवढ्या वर्षांची किंमत ही. आईने विचारलं जेवत का नाहीस, मी म्हणालो पित्त झालं आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

सरांकडे गेलो. गोलू आधीच आलेला होता. टेबलावर काहीच मांडलेलं नव्हतं. सर म्हणाले, कुछ दिन रुकते हैं. मी म्हणालो, तिघांतही खेळता येतं, वैद्याचं पात्र मी सांभाळीन. यावर गोलू उठून उभा राहिला. मला म्हणाला, तिला धरायला एक हात सोडला असतास तर तुझा एक वारच तर गेला असता. मेलो असतो तर मेलो असतो सगळे, नवीन कागद घेतले असते.

हे मला तो सांगतो, जो चारचा दहा करतो.

बाहेर आलो तेव्हा गाडीच्या आरशात माझे डोळे लाल दिसले. मला ती हवी होती. मला अजून हवी आहे. कोणाला सांगू? बाबांना सांगायची आता गरज उरलेली नाही, आणि आता सांगायची भीतीही वाटत नाही. हे विचित्र आहे. तरी सांगितलं नाही.

शनिवार, २२ मार्च

आजचं आजच लिहून टाकतो.

बाबा सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होते. फाटक वाजलं. उंच, पांढऱ्या शर्टातला माणूस, हातात पत्रिका. प्रेमानंद काका. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, लांबून. बाबांनी तर कधीच पाहिलेलं नव्हतं. मी खुर्ची पुढे केली. मला आत निघून जायचं होतं, पण खुर्चीच्या मागेच उभा राहिलो.

काका बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "हर्षाचं लग्न आहे, वीस एप्रिलले. पोरगी म्हणे, बाबा, त्यांच्याकडं नको जाऊ. मी म्हटलं, आपण कावून लाजायचं? पाच वर्षं ज्या घरचा चहा पेली, त्या घरी पत्रिका देल्ली पाह्यजे." मग बाबांकडे बघत बोलले, "तुमी म्हटलं होतं ना भाऊ, त्या घराची पायरी चढणार नाही. म्हणून मीच तुमची चढून आलो."

रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी सरळ बोलले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं मला सांगता येत नाही. आई दारात पदर धरून उभी होती. मला वाटलं आता बाबा म्हणणार, मी कधी म्हटलं? मी भिंतीकडे बघायला लागलो. बाबांनी दोन्ही हातांनी पत्रिका घेतली आणि म्हणाले, "चुकलं माहं. माणूस बोलून जाते. मी येतो लग्नाले."

काकांनी हात जोडले, आईने पाणी पुढे केलं ते प्यायले आणि गेले.

बाबा खुर्चीवर बसले. शिफ्टची वेळ टळून गेली, चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मग विचारलं, कधी सांगितलंस तिला हे? मी सगळं सांगितलं. नव्वद टक्क्यांचंही सांगितलं. ते ऐकताना ते नुसते मान हलवत होते, मशीन कुठे बिघडलं ते ऐकून घेतल्यासारखे.

"नाही म्हटलं असतं का मी?" ते म्हणाले. "म्हटलं असतं. चार दिवस तुह्याशी बोललो नसतो. मंग काय म्हटलं असतं ते मले नाही मालूम. मालूम व्हायले तू इचारलं पाह्यजे होतं." आणि थोड्या वेळाने, "त्या माणसापुढं आज मी खराब झालो. होऊ दे, पोरगा माहा आहे. पण ती पोरगी मले जनमभर तसाच समजन. तिले जाऊन सांग. लग्न मोडायले नाही म्हणत. फक्त येवढं सांग का माह्या बापानं असं काही म्हटलं नव्हतं."

मी सांगतो म्हणालो.

गुरुवार, ३ एप्रिल

तिच्या लॅबपर्यंत दोनदा गेलो. पहिल्या वेळी रांग होती. दुसऱ्या वेळी ती काचेमागे रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होती, मान वर केली असती तर मी दिसलो असतो. केली नाही. आता सांगून तिच्या डोक्यात कशाला गोंधळ घालायचा? तिचं सुरळीत चाललं आहे. उलट नवीन घरी जाताना तिच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी बरं राहिलेलं चांगलं. हे तिच्याच भल्याचं आहे.

मेसेज लिहून पाहिला. चार ओळी. पुसला.

रविवार, २० एप्रिल

सकाळपासून भैरमचा कागद काढून बसलो होतो. एकटाच त्याला अकराव्या लेव्हलपर्यंत नेला आहे. त्या लेव्हलला दुपात्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक वार मिळतो. खेळायला कोणी नाही, तरी आकडे भरून ठेवले.

बाबा बारा वाजता निघाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आईने बांधून दिलेलं साडीचं पाकीट. आईला येते का विचारलं, ती घाबरली, मग म्हणाली पुढच्या वेळी. मला विचारलं नाही.

साडेचारला परत आले. चपला काढल्या, पंखा लावला आणि पलंगावर बसून राहिले. आईने विचारलं, जेवलात ना? हो म्हणाले. लग्न चांगलं झालं, वंदना झाली, मुलगा शांत वाटला, प्रेमानंद काकांनी स्वतः ताट आणून दिलं. थोडं थोडं सांगत होते. मग आई आत गेली तेव्हा माझ्याकडे वळले.

पाकीट द्यायला ते स्टेजवर गेले होते. हर्षाने पुढच्या माणसाला नमस्कार केला, मागच्या बाईला केला. बाबांचं पाकीट नवऱ्या मुलाने घेतलं. ती दुसरीकडे बघत होती. बाबा तिथे थोडे थांबले, तिने पाहावं म्हणून. मागे रांग होती, लोक ढकलायला लागले, तेव्हा उतरले.

"तू सांगितलं होतं ना तिले?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

बाबांनी मान हलवली. बराच वेळ हातावरून हात फिरवत बसले. "सांगूनही नाही पाह्यलं तिनं," म्हणाले. "मंग माहंच काही चुकलं असन." आणि आईला पाणी मागितलं.